एका व्यासपीठावर दोघे : जुन्नर-आंबेगावातून एक शोध

९ मे २०२४ रोजी देशातल्या तीन ज्येष्ठ नागरिकांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना एक पत्र लिहिले. न्या. मदन लोकूर, न्या. अजित प्रकाश शहा आणि संपादक एन. राम हे ते तिघे. यांतले न्या. शहा मूळचे सोलापूरचे, म्हणजे आपल्याकडचेच. पत्राचा आशय साधा होता. दोन्ही बाजूंकडून आरोप होत आहेत, आव्हाने दिली जात आहेत, पण मतदाराला अर्थपूर्ण उत्तर मिळत नाही. तेव्हा कोणत्याही पक्षाच्या वा व्यापारी हिताच्या नसलेल्या व्यासपीठावर दोघांनी समोरासमोर यावे. ११ मे रोजी राहुल गांधींनी होकार कळवला. भारतीय जनता पक्षाने आपल्या युवा मोर्चाच्या उपाध्यक्षाचे नाव पुढे केले. वाद झाला नाही.

आमच्या शिरूर मतदारसंघात मतदान १३ मे रोजी होते. म्हणजे राहुल गांधींचा होकार आला त्याच दिवशी संध्याकाळी जुन्नर-आंबेगावातला प्रचार थांबला. दिल्लीतला तो वाद झालाच असता, तरी आमच्या मतदाराला तो प्रचार संपल्यानंतरच ऐकायला मिळाला असता. माझ्या मनात मात्र प्रश्न निराळा आला. दिल्लीतल्या दोघांनी समोरासमोर यावे असे आपण म्हणतो, तर नारायणगावच्या आणि लांडेवाडीच्या दोघांनी का येऊ नये?

शिरूरमधून २०१९ आणि २०२४ अशा दोन निवडणुका एकमेकांविरुद्ध लढलेले डॉ. अमोल कोल्हे हे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे आणि शिवाजीराव आढळराव पाटील हे आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे. दोन्ही गावे मोटारसायकलने तासाभराच्या आतली. या दोन्ही निवडणुकांत मी दोन्ही बाजूंच्या सभा ऐकल्या. प्रत्येक सभेत दुसऱ्याला प्रश्न विचारलेला ऐकला. पण ज्याला विचारला तो कधीच त्या मांडवात नव्हता. आपल्याकडच्या प्रचाराची रीतच अशी आहे. प्रश्न मंचरला विचारायचा, उत्तर ओतूरला द्यायचे, आणि दोन्ही ऐकलेला माणूस क्वचितच सापडायचा.

हा लेख त्या रीतीविषयी आहे. ती कधीपासूनची आहे, तिच्याआधी आपल्याकडे काय होते, आणि ती बदलावी की नाही, हे मी कागदपत्रांच्या आणि आमच्या दोन तालुक्यांच्या आधाराने पाहणार आहे.

हे परदेशी खूळ आहे काय?

जाहीर वादाचा विषय काढला की पहिला आक्षेप येतो तो असा : ही अमेरिकेची पद्धत, आपल्या मातीतली नव्हे. हा आक्षेप इतिहासाला धरून नाही.

१८५७ सालच्या पहिल्या पाच महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी एक मराठी माणूस ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. ठरलेल्या दिवशी लोक वाळूत जमत, एक बाजू प्रश्न करी, दुसरी उत्तर देई. या वादाचा वृत्तांत मिशनऱ्यांच्या बाजूने इंग्रजीत त्याच वर्षी छापला गेला, आणि पुढे मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ म्हणून बुवांच्या बाजूनेही तो आला. त्या वादात कोण जिंकले याचा निकाल मला लावायचा नाही. त्याची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. जागा एक, श्रोते एक, दोन्ही बाजूंना बोलायची मुभा, आणि झालेल्या बोलण्याची नोंद. अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे गाजलेले वाद १८५८ चे. म्हणजे आमचा हा किनाऱ्यावरचा वाद त्यांच्याही एक वर्ष आधीचा.

शिकलेल्यांपुरतीच ही रीत होती असेही नाही. आमच्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. या तमाशाच्या पोटात कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. तुरा शिवाच्या बाजूचा, कलगी शक्तीच्या बाजूची. एका पक्षाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच बैठकीत, त्याच श्रोत्यांपुढे जवाब द्यायचा. जवाब नाही आला तर हार मान्य करून डफ खाली ठेवायचा, असे जुने लोक सांगतात. ज्या प्रेक्षकाला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यालाही एक गोष्ट पक्की कळत होती : सवाल सोडून दुसरेच गाणे लावणारा शाहीर हरलेला असतो.

मला वाटते, जाहीर वादाचे मर्म एवढेच आहे. वक्तृत्व ही नंतरची गोष्ट. विचारलेल्या प्रश्नाला विचारणाऱ्याच्या समोर आणि त्याच ऐकणाऱ्यांपुढे उत्तर द्यावे लागणे, ही पहिली.

मग ती रीत मोडली कुठे?

राजकारण आले तेव्हा महाराष्ट्रातला वाद छापखान्यात गेला. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. आगरकर त्यातून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. टिळक आणि आगरकर यांचा वाद महाराष्ट्राच्या घडणीतला मोठा वाद आहे, आणि तो मुख्यत्वे अग्रलेखांतून झाला. छापील वादाचे एक सामर्थ्य होते : शब्द मागे घेता येत नसे. पुढे १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या जातिनिर्मूलनावरच्या न झालेल्या भाषणावर गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली, तेव्हा बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि आपले उत्तर दोन्ही एकत्र छापले. विरोधकाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात जसेच्या तसे देण्याचा तो प्रामाणिकपणा आजही शिकण्यासारखा आहे. वाचकाला दोन्ही बाजू एका ठिकाणी मिळाल्या, म्हणजे तो एका अर्थाने जाहीर वादच झाला.

प्रत्यक्ष सभेचे मात्र वेगळेच झाले. संमतिवयाच्या बिलावरून १८९१ मध्ये पुण्यात सुधारकांनी क्रीडाभुवनात भरवलेली सभा दंगा करून उधळली गेली. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळक व्यासपीठावर उभे राहून बोलू देण्याची मागणी करत होते आणि मांडवातून जोडा भिरकावला गेला. अधिवेशन तिथेच मोडले. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संतापलेल्या जमावाने उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला.

या तीन घटनांचे रंग वेगळे आहेत, न्याय-अन्यायाच्या बाजूही वेगळ्या आहेत. चौपाटीवरच्या संतापामागे मुंबई हिरावली जाण्याची खरी भीती होती. तरी तिन्हींतून एकच धडा निघाला आणि तो सगळ्याच पक्षांनी उचलला. विरोधकाच्या सभेत जायचे ते उधळायला, आणि आपली सभा भरवायची ती विरोधक आत येणार नाही अशा बंदोबस्तात. एकतर्फी सभा ही अशी दोन्ही बाजूंच्या सोयीची तडजोड आहे. सभा उधळणे आज पुष्कळ कमी झाले, ही मोठी कमाई आहे. पण त्या भीतीपोटी उभी केलेली भिंत तशीच राहिली.

जुन्नरचा एक माणूस

इथे आमच्या जुन्नरच्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. श्रीधर महादेव जोशी, म्हणजे एस. एम. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नरला झाला. शिवनेरीकडे बाहेरगावचे लोक जातात, पण या गावात एस. एम. जन्मले हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

१९२९ च्या पर्वती मंदिर सत्याग्रहात ते होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एस. एम. तिचे सरचिटणीस झाले. समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन, असे एरवी एकमेकांशी उभा दावा असलेले लोक होते. त्यांना एका टेबलाशी बसवून एका मुद्द्यावर आणणे हे एस. एम. यांचे रोजचे काम होते. आचार्य अत्र्यांची वाणी आणि त्यांचा ‘मराठा’ यांनी चळवळीला आग दिली, एस. एम. यांनी तिला शिस्त दिली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शने केली आणि ती शांततेत पार पाडली. चौपाटीला दोनच वर्षे झाली होती. हजारोंचा संतप्त जमाव रस्त्याच्या कडेला उभा आणि मधून पंतप्रधानांची मोटार जाते आहे, अशा वेळी एकही दगड न उठणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी एस. एम. पुण्यातून विधानसभेवर निवडून गेले होते. समोर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, जे स्वतः कराडमधून अगदी थोड्या मतांनी निवडून आले होते. पुढची तीन वर्षे महाराष्ट्राच्या प्रश्नावरचे दोन प्रमुख मराठी नेते एका छताखाली एकमेकांना उत्तरे देत होते. रस्त्यावरचा लढा सभागृहात आला, आणि १ मे १९६० ला राज्य झाले. राज्य होण्याची कारणे अनेक आहेत. पण दोन बाजू एकमेकांचे ऐकून घेण्याइतक्या जवळ बसलेल्या होत्या, हे त्यांतले एक कारण मी मानतो.

यावर कोणी म्हणेल, मग झाले की! संसदीय पद्धतीत विधानसभा हाच जाहीर वाद. आक्षेप वजनदार आहे. आमच्या आंबेगावचे दिलीप वळसे पाटील २००९ ते २०१४ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे राज्यातला वाद नियमाने चालवण्याचे काम पाच वर्षे आमच्याच तालुक्यातला माणूस करत होता. पण सभागृहात आणि मांडवात एक फरक उरतो. सभागृहात उमेदवार नसतो, निवडून आलेला असतो. मत देऊन झालेले असते. ज्या क्षणी मतदाराला दोन बाजू शेजारी-शेजारी पाहायची गरज असते, त्या क्षणी सभागृह बंद असते. शिवाय हरलेली बाजू आत असेलच असेही नाही. २०१९ पर्यंत लोकसभेत आढळराव होते, कोल्हे नव्हते. त्यानंतर कोल्हे आहेत, आढळराव नाहीत. शिरूरच्या मतदाराने या दोघांना संसदेत एकमेकांना उत्तर देताना पाहणे शक्यच नव्हते.

आव्हान कोण देतो?

जुनी उदाहरणे चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. वादाचे आव्हान जवळजवळ नेहमी बाहेरचा देतो आणि जागेवर बसलेला ते टाळतो.

२००९ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना दूरचित्रवाणीवर समोरासमोर येण्याचे आव्हान दिले. काँग्रेसने ते स्वीकारले नाही. २०२४ मध्ये बाजू उलटल्या. आता काँग्रेसचा नेता तयार होता आणि सत्तेवरचा पक्ष नव्हता. यात तत्त्वाचा भाग किती आणि जागेचा किती, हे वाचकाने ठरवावे. अमेरिकेतही तेच. केनेडी आणि निक्सन १९६० मध्ये समोरासमोर आले. त्यानंतरच्या तीन निवडणुकांत अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा एकही वाद झाला नाही. पुढचा झाला तो १९७६ मध्ये. ज्याला आपण त्या देशाची पक्की परंपरा समजतो, तिच्यातही सोळा वर्षांची खिंड आहे.

लिंकनची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. १८५८ मध्ये डग्लस हे सिनेटर होते, लिंकन आव्हान देणारे. आधी लिंकन डग्लसच्या मागोमाग गावोगाव जाऊन त्यांच्यानंतर भाषण करत. मग त्यांनी एकत्र बोलण्याचे आव्हान दिले. डग्लस यांनी सात जागा मान्य केल्या. नियम असा की पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, आणि शेवटी पहिल्याला उत्तराला अर्धा तास. तीन तास लोक उभे राहून ऐकत. सिनेटर त्या काळी राज्याचे विधिमंडळ निवडी. जागा डग्लस यांनाच मिळाली. लिंकन हरले. पण त्या वादांचे वृत्तांत त्यांनी जपून ठेवले आणि १८६० मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

त्या निवडणुकीचा निकाल वादाने फिरवला नाही. त्याने लोकांच्या हाती एक नोंद दिली, जी निवडणुकीनंतरही टिकली. जाहीर वादाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे, याहून अधिक नाही.

कायद्यात सोय आहे, पण

पुष्कळांना माहीत नसते, की आपल्याकडे अशा वादाची सरकारी तरतूद आधीपासून आहे. निवडणूक आयोगाने १६ जानेवारी १९९८ रोजी मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर फुकट वेळ देण्याची योजना जाहीर केली. तिच्यात पक्षांच्या भाषणांखेरीज प्रसार भारतीने जास्तीत जास्त दोन चर्चा किंवा वाद घडवावेत आणि पात्र पक्षांनी आपला एकेक प्रतिनिधी पाठवावा, असे कलम आहे.

सोय चांगली, पण तिच्यातून खरा सवाल-जवाब निघत नाही. भाषणांची संहिता आधी सादर करावी लागते. कोणत्याही व्यक्तीवर नाव घेऊन टीका करायची नाही, असाही नियम आहे. नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे; सरकारी माध्यमावर वैयक्तिक चिखलफेक होऊ नये. पण विरोधकाचे नाव न घेता त्याला सवाल कसा टाकायचा? आणि प्रतिनिधी पक्षाचा, उमेदवार नव्हे. जुन्नरच्या मतदाराला मुंबईच्या स्टुडिओतला प्रवक्ता काय सांगतो यापेक्षा, आपल्या गटातला माणूस पिंपळगाव जोगेच्या पाण्याबद्दल काय बोलतो हे ऐकायचे असते.

दोन तालुके, दोन स्वभाव

जुन्नर आणि आंबेगाव शेजारी आहेत, पण मतदानाचा स्वभाव वेगळा. आंबेगावने १९९० पासून २०२४ पर्यंत आठही वेळा दिलीप वळसे पाटील यांनाच निवडून दिले. जुन्नरने मात्र २०१४ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शरद सोनवणे निवडले, तेव्हा ते राज्यात त्या पक्षाचे एकमेव आमदार होते. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे अतुल बेनके आले आणि २०२४ मध्ये पुन्हा सोनवणे, यावेळी अपक्ष म्हणून.

या एका माहितीने माझे बरेच विचार बदलले. नेत्यांच्या वादाची कल्पना मांडणारे बहुतेक जण दोन मोठ्या पक्षांचे दोन नेते डोळ्यांपुढे ठेवतात. त्या मापाने जुन्नरात वाद भरवला असता, तर २०२४ मध्ये जो निवडून आला त्यालाच व्यासपीठावर खुर्ची मिळाली नसती. आपल्याकडची लढत तिरंगी, चौरंगी असते. म्हणून वाद पक्षनेत्यांचा नव्हे, मतदारसंघातल्या उमेदवारांचा हवा, आणि त्यात अपक्षालाही जागा हवी.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. आमच्याकडे बाजूच स्थिर नाहीत. २०१४ च्या लोकसभेला शिरूरमध्ये शिवसेनेचे आढळराव आणि राष्ट्रवादीचे देवदत्त निकम समोरासमोर होते. निकम तेव्हा वळसे पाटलांच्या बाजूचे. २०१९ च्या तोंडावर कोल्हे शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले. २०२४ मध्ये पक्ष फुटलेले होते. ज्या पक्षाविरुद्ध आढळराव तीन-चार निवडणुका लढले, त्याच्याच एका गटाचे ते उमेदवार झाले, आणि निकम विधानसभेला वळसे पाटलांविरुद्ध उभे राहिले. ती निवडणूक वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले.

कोणी पक्ष बदलू नये असे माझे म्हणणे नाही. लोकशाहीत तो हक्क आहे, आणि प्रत्येकाकडे आपले कारणही असते. पण ते कारण आपल्याच लोकांच्या मांडवात सांगितले की ते स्पष्टीकरण राहत नाही, जयघोषात विरून जाते. कालपर्यंत बरोबर असलेल्या आणि आज समोर उभ्या असलेल्या माणसापुढे ते सांगितले, तर ते खरे किती, हे ऐकणाऱ्याला लगेच कळेल. पक्षाच्या नावावरून माणसाची भूमिका ओळखता येत होती तोवर जाहीर वाद नसला तरी भागत होते. आता चिन्हावरून भूमिका कळत नाही, म्हणून वादाची गरज वाढली आहे.

आणि भूमिका घ्यावी असे प्रश्न आमच्याकडे भरपूर आहेत. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे : येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे. ही पाचही याच दोन तालुक्यांत. पाणी मात्र शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जायचे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते गावच जलाशयात आहे. आता डिंभ्यातून माणिकडोहकडे बोगदा काढावा की नाही, हा प्रश्न आहे. बोगद्याची बाजू घेणाऱ्याकडे खालच्या तालुक्यांची तहान आहे, विरोध करणाऱ्याकडे आंबेगावची शेती आहे. हा असा प्रश्न आहे की घोडेगावात एक आणि कर्जतमध्ये दुसरे बोलण्याचा मोह कोणत्याही पक्षाच्या माणसाला व्हावा. दोन्हीकडचे श्रोते एका मांडवात असले, तर तो मोह आवरावाच लागेल.

पुणे-नाशिक रेल्वेचेही तसेच. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात रेल्वेमुळे अडथळा येईल, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप. त्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आमच्या परिसरात पसरलेल्या आहेत. रेल्वे हवी म्हणणारा शेतकरी आणि दुर्बीण जपावी म्हणणारा शास्त्रज्ञ दोघेही इथलेच. उमेदवार मात्र ‘रेल्वे आणणारच’ एवढेच सांगून पुढच्या गावाला जातो. मग बिबट्यांचा प्रश्न, कांद्याच्या निर्यातीचा प्रश्न. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा उचलून धरला. न्यायालयात लागलेल्या या निकालाचे श्रेय घाटाघाटात निरनिराळ्या फलकांवर निरनिराळ्या नेत्यांना दिलेले मी पाहिले. ते सगळे एका व्यासपीठावर बसले असते, तर श्रेयाची वाटणी पाच मिनिटांत झाली असती.

बोलका जिंकेल ही भीती

आता सर्वांत गंभीर आक्षेप. जाहीर वादात बोलका माणूस जिंकतो, काम करणारा हरतो. आमच्याकडे हा आक्षेप पुस्तकी नाही. डॉ. कोल्हे हे ‘राजा शिवछत्रपती’ आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकांमुळे घराघरांत पोहोचलेले अभिनेते. त्यांच्यासमोर व्यासपीठावर उभे राहायचे म्हणजे दुसऱ्या कोणालाही अवघडच. उलट बाजूनेही हा आक्षेप खरा आहे : तीन वेळा खासदार राहिलेल्या माणसापाशी फायलींची, आकड्यांची, कामांच्या यादीची जी शिदोरी असते, ती नवख्याकडे नसते.

पण विचार करा. आजच्या एकतर्फी सभेत बोलक्या माणसाचा फायदा कमी आहे काय? तिथे तर त्याला अडवणारेच कोणी नाही. भाषणाची जादू चढते ती प्रश्न नसतात म्हणून. समोर माहितीने तयार असलेला, साध्या आवाजात बोलणारा माणूस बसला की जादूला लगाम बसतो. एस. एम. यांना अत्र्यांसारखी सभा हलवता येत नव्हती. तरी समितीत आणि सभागृहात त्यांच्या शब्दाला वजन होते, कारण त्यांना मुद्द्यावरून हलवता येत नसे. वाद मुद्द्यावर ठेवणारे नियम असतील, तर तो अशा माणसाला उपकारक ठरतो.

नियमांवाचून मात्र वाद नकोच. वाहिन्यांवर रोज रात्री चालतो त्या आरडाओरड्याला वाद म्हणणे म्हणजे कलगी-तुऱ्याच्या शाहिरांचा अपमान आहे. तिथे सवाल विचारणारा जवाब ऐकायला थांबत नाही.

ग्रामसभेचा धडा

मग नियम कुठून आणायचे? मला उत्तर गावातच सापडते. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत.

भीमाशंकरच्या बाजूच्या अशा काही ग्रामसभांना मी गेलो आहे. त्या आदर्श नसतात. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, भांडणेही होतात. पण एक गोष्ट तिथे अटळ असते. आजचा सरपंच आणि मागचा सरपंच एकाच पारावर बसलेले असतात. नळयोजनेचा पाइप कोणाच्या काळात आला आणि कोणाच्या काळात फुटला, हे विचारणारी बाई दोघांकडे आळीपाळीने पाहते. एकजण खोटे बोलला, तर दुसरा तिथल्या तिथे टोकतो. ग्रामसेवकाच्या वहीत ठराव लिहिला जातो. गावात जे चालते, ते तालुक्यात आणि मतदारसंघात का चालू नये? तिथे गेल्यावर आपण मतदाराचे फक्त श्रोते का करतो?

माझी सूचना म्हणून एवढीच आहे. मोदी आणि गांधी समोरासमोर आले तर चांगलेच. पण तिथून सुरुवात करण्याची वाट पाहू नये. सुरुवात जिल्हा परिषदेच्या एखाद्या गटापासून, विधानसभेच्या एका मतदारसंघापासून व्हावी. वाद भरवणारी संस्था पक्षाची नसावी. तालुक्यातले ग्रंथालय, महाविद्यालय, वकिलांची संघटना, कोणीही चालेल. प्रश्न लोकांकडून आधी मागवावेत आणि त्यांतले दहा सर्व उमेदवारांना एकाच दिवशी कळवावेत. वेळ सर्वांना सारखा. घोषणा आणि झेंडे दाराबाहेर. अपक्षाला खुर्ची. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी, पण त्याच्या गैरहजेरीवर शेरा मारू नये, लोकांना दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे, झालेले बोलणे शब्दशः लिहून त्याची प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी.

शेवटची अट मी संशोधक म्हणून घालतो आहे. गेल्या साठ वर्षांत या दोन तालुक्यांत किती सभा झाल्या असतील, याची गणती नाही. त्यांत कोणी काय वचन दिले, हे शोधायला मी ग्रंथालये आणि जुनी दप्तरे धुंडाळतो, तेव्हा हाती लागतात ती हस्तपत्रके आणि सत्काराची छायाचित्रे. डिंभ्याखाली गेलेल्या गावांना काय कबूल केले होते, ते त्या गावांच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत. विष्णुबुवांच्या किनाऱ्यावरच्या वादाचा वृत्तांत पावणेदोनशे वर्षांनी आपण वाचू शकतो. पुढच्या निवडणुकीत बोगद्याबद्दल, रेल्वेबद्दल, कांद्याबद्दल कोण काय बोलले, ते आपल्या नातवंडांना वाचता यावे, एवढ्यासाठी तरी दोघांना, तिघांना, चौघांना एका व्यासपीठावर बसवण्याची खटपट करण्यासारखी आहे.